ठेका देणारा पायांकडे पाहतो

सात म्हणजे सात, असे गणिताचे मास्तर सांगतात आणि त्यांच्यापुरते ते खरेही असते. पण नाचणाऱ्याला विचाराल तर तो सांगेल की सातांचे प्रकार असतात. आपल्या रूपक तालाच्या सात मात्रा तीन, दोन, दोन अशा मांडलेल्या. ग्रीस देशात लग्नसराईत नि सणासुदीला हातात हात गुंफून नाचतात, तो कालामातियानोस नावाचा नाचही सातांचाच आणि त्याचीही मांडणी तीन, दोन, दोन. तिथून उत्तरेची सरहद्द ओलांडून बल्गेरियात गेलात की राचेनित्सा नावाचा नाच भेटतो. तोही सातांचा, पण त्याची मांडणी दोन, दोन, तीन. ग्रीक माणूस लांबचे पाऊल आधी टाकतो, त्याचा बल्गेरियन शेजारी शेवटी टाकतो. बेरीज एकच, पण एकाला दुसऱ्याच्या रिंगणात सोडा, पहिल्याच आवर्तनात गडी अडखळेल.

आता तुम्ही म्हणाल, या गृहस्थाला ही सातांची उठाठेव सुचली कुठून? प्रश्न रास्त आहे. मी गवई नाही आणि नर्तक तर नाहीच नाही. चौतीस वर्षे एका सरकारी कचेरीत दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेली. नागपुरात जन्मून आणि सत्तरी ओलांडूनही एकाही वरातीत मी नाचलेलो नाही. वरातीत माझ्याकडे येते ती आहेराच्या पाकिटांची पिशवी. पण गेली दोन वर्षे मी जगभरचे नाचाचे ठेके गोळा करीत आहे. त्यात विद्वत्तेचा हेतू मुळीच नाही. माझ्या थोरल्या भावाने घरातला उंबरठा ओलांडावा, एवढाच हेतू आहे.

दादा महालात, आमच्या जुन्या घरी राहतात. वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. सारी हयात त्यांनी एका शाळेत ड्रिल मास्तर म्हणून काढली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात ते शिकले. १९१४ साली निघालेल्या या संस्थेचे पथक १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी तिथे जाऊन आपले देशी खेळ दाखवून आले होते. ही हकीकत दादा इतक्या रंगात येऊन सांगत, की ते स्वतः जन्माला येण्याआधी अकरा वर्षे बर्लिनला जाऊन आले असावेत, असे ऐकणाऱ्याला वाटे. लेझीम हा त्यांचा जीव की प्राण. लाकडी दांडा, त्याला लोखंडी साखळी, साखळीत पातळ चकत्या. एवढ्या साध्या वस्तूने ते दोनशे पोरांना एका दमात वाकवत, वळवत नि उठवत. "एक, दोन, तीन, चार" हा त्यांचा पुकारा मैदानावरून तीन गल्ल्या पलीकडे ऐकू येई. शाळेच्या आसपासच्या घरांतल्या बायका म्हणे त्या पुकाऱ्यावर भाकऱ्या थापत.

सहा वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरू लागला. मग सही बारीक झाली, चेहऱ्यावरचे हसू मावळले आणि डॉक्टरांनी कंपवाताचे निदान केले. जेम्स पार्किन्सन नावाच्या लंडनच्या डॉक्टराने १८१७ साली अवघ्या सहा माणसांना पाहून या रोगाचे वर्णन लिहिले. त्यातल्या काहींना तर त्याने नुसते रस्त्यातच पाहिले होते. आज त्याच्याच नावाने हा रोग ओळखला जातो. मेंदूच्या तळाशी डोपामिन नावाचे द्रव्य तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरतात आणि मनात आलेली हालचाल अंगात उतरायला वेळ लागू लागतो.

हाताच्या थरथरीचे दादांना काही वाटले नाही. "माझ्या हातात लेझीम आहे असं समज," असे म्हणून त्यांनी तो विषय संपवला होता. खरी पंचाईत पायांनी केली. चालता चालता दाराशी आले की त्यांची पावले जमिनीला खिळत. वरचे अंग पुढे जाऊ पाही, पाय जागचे हलत नसत. आणि गंमत अशी, की तेच दादा माडीचा जिना मात्र बऱ्यापैकी चढत. पाहुण्यांना वाटे, म्हातारा ढोंग करतो. वास्तविक हे या रोगाचे नेहमीचे लक्षण आहे. जिन्याची प्रत्येक पायरी पायाला सांगते, आता तू उचल. सपाट फरशी काहीच सांगत नाही, आणि अरुंद दार तर पायांना दरडावूनच थांबवते.

एकदा वहिनी त्यांना हाताला धरून ओढू लागल्या, तेव्हा दादा तोल जाऊन पडता पडता वाचले. त्यानंतर डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा ते म्हणाले, "ओढू नका. ठेका देऊन पाहा."

मला वाटले, डॉक्टर थट्टा करीत आहेत. पण त्यांनी समजावून सांगितले ते असे. चालणाऱ्या प्रत्येक माणसाच्या डोक्यात एक घड्याळ असते. त्याच्या टोल्यावर आपण न मोजता पावले टाकतो. कंपवातात हे घरचे घड्याळ बिघडते. पण चौकातल्या मनोऱ्याचे घड्याळ चालू असेल तर माणूस त्याच्या टोल्यांवर चालू शकतो, कारण कानावाटे आलेला ठेका मेंदूत दुसऱ्या वाटेने पायांपर्यंत पोचतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत मायकेल थाऊट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासून १९९६ साली प्रसिद्ध केले. रुग्णांनी तीन आठवडे रोज ठेक्यावर चालण्याचा सराव केला, तर त्यांचा चालण्याचा वेग सरासरी २५ टक्क्यांनी वाढला.

घरी येताना रिक्षात दादा एवढेच म्हणाले, "चाळीस वर्षं पोरांना मी मोजून दिलं. आता मला कोण मोजून देते, पाहू."

दादांची धाकटी नात इंजिनिअरिंगला आहे. तिने त्याच संध्याकाळी मोबाइलवर मेट्रोनोम उतरवून घेतला. दादांची नेहमीची चाल मिनिटाला सुमारे नव्वद पावलांची; डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ठेका त्याच्या आसपास ठेवून मग अगदी किंचित वाढवायचा होता. ओसरीपासून मागच्या अंगणापर्यंत सोळा पावले आणि वाटेत दोन उंबरठे, अशी आमची परीक्षेची जागा ठरली. टिक, टिक, टिक, टिक. दादा पहिला उंबरठा ओलांडून गेले! आम्ही टाळ्या पिटल्या. चार दिवस हा खेळ बरा चालला. पाचव्या दिवशी दादा वैतागून म्हणाले, "पोरी, हे काय नळ ठिबकल्यासारखं लावून ठेवलं? माणूस चालून राहिला का भिंतीवरचं घड्याळ?"

म्हणून मग खऱ्या नाचाचे ठेके शोधायचे ठरले. नात मोबाइलवर वाजवी, मी वहीत नोंद करी. हिशेबनिसाची सवय, तारीख, ठेका, पावले, अडखळणे असे चार रकाने आखले.

पहिला मान व्हिएन्नाच्या वॉल्ट्झला दिला. योहान श्ट्राऊस धाकटे यांची १८६७ सालची निळ्या डॅन्यूब नदीवरची प्रसिद्ध रचना लावली. सूर असे की अंगणातली तुळससुद्धा डोलावी. पण वॉल्ट्झ तिनांचा, आणि माणसाला पाय दोन! जोराचा ठोका एकदा डाव्या पायावर येतो, पुढच्या वेळी उजव्यावर. गिरक्या घेणाऱ्या जोडप्याला त्यातच मौज वाटते, पण दादांचा उजवा पाय आधीच रुसलेला. त्याच्यावर भार आला की तो बसून राही. तीन पावलांत दादा थबकले. "हा बसून ऐकायचा आहे," असा त्यांनी निकाल दिला. या गोजिरवाण्या वॉल्ट्झला १८१६ साली लंडनच्या 'टाइम्स'ने असभ्य परदेशी नाच म्हणून झोडपले होते, हे मी त्यांना सांगितले तेव्हा मात्र त्यांचे डोळे हसले.

सुरुवातीला सांगितलेले सातांचे नाच त्यानंतरचे. त्यांच्या बाबतीत पायांना फारसे यश आले नाही, पण दादांच्या मांडीवरची बोटे अचूक चालली. दक्षिण स्पेनमधला फ्लामेंको ऐकवला. त्यातला सोलेआ नावाचा प्रकार बारा ठोक्यांचा. जोर तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या ठोक्यावर. आधी लांब टांगा आणि मग लगबगीची पावले. दादांनी दोन आवर्तने मोजली आणि म्हणाले, "हा पोरांना शिकवायला वर्ष लागेल." निवृत्त मास्तर जगातल्या कुठल्याही गोष्टीकडे पाहतो तो आपल्या वर्गाच्या खिडकीतून.

क्यूबाची गोष्ट निराळी. तिथे क्लाव्हे म्हणून दोन गुळगुळीत लाकडी दांडकी असतात. हवानाच्या गोदीत जहाजांसाठी लागणाऱ्या लाकडी खुंट्यांपासून ती आली असे सांगतात. ती एकमेकांवर आपटून सोळा घरांत फक्त पाच ठोके द्यायचे. पहिले, चौथे, सातवे, अकरावे आणि तेरावे घर. एवढ्या पाच ठोक्यांभोवती सारे गाणे आणि सारा नाच फिरतो. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी समुद्रापार जे थोडे नेले, त्यात अशा ठेक्यांचा मोठा वाटा. सामान हिरावून घेता येते. हातापायांत भिनलेला ठेका कोण हिरावणार? दादांना हा ठेका फार आवडला. पण गंमत पाहा, त्यावर त्यांना चालता येईना. पाच ठोक्यांतले काही पावलांवर पडतात, काही दोन पावलांच्या मधे. धडधाकट माणसाचा पाय आपली जागा स्वतः हुडकतो आणि तेच नाचाचे सुख. दादांच्या पायांना ती जागा कुणीतरी दाखवून द्यायला हवी होती.

टँगोने आम्हांला चकित केले. टँगो म्हणजे अंगाला अंग भिडवून करायचा काहीतरी अचाट प्रकार, अशी सिनेमामुळे माझी समजूत. पण ब्वेनोस आयरेस आणि माँटेव्हिडिओ या दोन बंदरांच्या गरीब वस्त्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाढलेला हा नाच मुळात चालण्याचा नाच आहे. दोन पावले पुढे, थांबा, वळा, एक पाऊल मागे, पुन्हा सुरू. कंपवाताच्या रोग्याला नेमके हेच जमत नाही. सुरू करणे, थांबणे, वळणे आणि मागे पाऊल घेणे. अमेरिकेत सेंट लुईसच्या विद्यापीठात मॅडेलीन हॅकनी आणि गॅमन इअरहार्ट यांनी रुग्णांना टँगो शिकवून पाहिला आणि साध्या व्यायामापेक्षा त्याने तोल अधिक सुधारल्याचे त्यांना २००७ च्या सुमारास दिसले. टँगोच्या ठेक्यावर दादा सोळापैकी चौदा पावले न अडखळता गेले. माझ्या वहीत त्या दिवशी तांबड्या शाईची खूण आहे.

यानंतर आपल्या विदर्भातल्या नाचांकडे वळायचे होते. गडचिरोलीकडच्या गोंड-माडियांचा रेला लावला. ढोलाच्या ठेक्यावर बाया-माणसे कमरेला हात गुंफून लांब रांग धरतात आणि ती रांग एका देहासारखी पुढे-मागे झुलते. दादा तो पाहत बसले. म्हणाले, "या रांगेत उभा राहिलो तर मला पडताच येणार नाही." कुठल्याही संशोधकाने यापेक्षा वेगळे काय सांगितले असते? एकट्याचे पाऊल चुकेल तेव्हा शेजाऱ्याच्या पावलाने सावरावे, अशी ती सोयच आहे.

पण या साऱ्या ठेक्यांत एक उणीव होती आणि ती वहीतल्या रकान्यांत सापडत नव्हती. एखाद्या दिवशी टँगोवर चौदा पावले पडत, दुसऱ्या दिवशी त्याच टँगोवर चार. गोळीचा अंमल उतरला की कोणताही ठेका चालेना. आणि एकदा पाऊल चुकले की पुढचे सारेच चुके, कारण मोबाइलमधले गाणे दादांसाठी थांबत नसे. ते आपले पुढे निघून जाई आणि दादा, आगगाडी चुकलेल्या उतारूसारखे, ओसरीवर उभे.

हे सारे वहिनी स्वयंपाकघरातून पाहत होत्या. एके दिवशी त्यांनी माळ्यावरची जुनी पेटी काढायला लावली आणि तळाशी जुनेरात गुंडाळलेल्या दोन टिपऱ्या बाहेर काढल्या. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांना भोंडला ठाऊक असतो. आमच्या वऱ्हाड-नागपूरकडे भुलाबाई असते. भाद्रपदी पौर्णिमेला भुलाबाई मांडतात आणि कोजागिरीपर्यंत महिनाभर पोरीबाळी घरोघर टिपऱ्यांवर गाणी म्हणतात; शेवटी खाऊ ओळखायचा आणि फस्त करायचा. वहिनींच्या टिपऱ्या त्या वयातल्या, साठ वर्षांहून जुन्या. रंग उडालेला, कडा झिजलेल्या.

वहिनी दादांच्या समोर दोन हातांवर उभ्या राहिल्या आणि त्यांनी टिपऱ्यांवर साधा ठेका धरला. त्यात नवल काही नव्हते. क्यूबाच्या पाच ठोक्यांपुढे तर ते अगदीच बाळबोध. पण वहिनींचे डोळे दादांच्या पावलांवर होते. दादांची टाच उचलली की टिपरी पडे. दादा थबकले की वहिनी हात वरच्यावर धरून थांबत आणि टाच हलताच पुन्हा ठोका देत. पुढे उंबरठा आला. वहिनींनी त्याच्या आधीचा ठोका जरा जोराने दिला, जणू लाकडाने सांगितले, 'आता'. दादा उंबरठा ओलांडून अंगणात आले. सोळाच्या सोळा पावले पडली.

त्या रात्री माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे ठेका देणारा माणूस कधी आकाशाकडे पाहून वाजवीत नाही. लावणीचा ढोलकीवाला आठवा. त्याची नजर नाचणारीच्या पायांवर असते. कथकचा तबलजी नर्तकाच्या तत्काराकडे पाहून हात चालवतो. पश्चिम आफ्रिकेतला मुख्य ढोलिया नाचणाऱ्यांवर नजर ठेवून वादन बदलतो. नाचणारा ठेक्यावर पाऊल टाकतो हे आपण सगळे जाणतो. पण ठेकाही पावलावर बेतला जातो, हे विसरतो. ठेका म्हणजे दोघांमधले बोलणे आहे. यंत्राचा ठेका अचूक असतो, पण त्याला समोरच्याचे पाय दिसत नाहीत.

हे ओळखणारी माणसे जगात आहेत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ साली कंपवाताच्या रुग्णांसाठी नाचाचा वर्ग काढला आणि तिथे समोर बसून वाजवणारा वादक असतो. आपल्याकडे पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी अशाच रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालवले आहेत. आणि ठेक्याची ही जाण तर आपण जन्मतःच घेऊन येतो. २००९ साली बुडापेस्टमध्ये दोन-तीन दिवसांच्या तान्ह्या बाळांना झोपेत ठेका ऐकवला आणि मधेच समेचा ठोका गाळला, तेव्हा त्यांच्या मेंदूने ते चटकन टिपले. माणसाचेच कशाला, स्नोबॉल नावाचा एक अमेरिकेतला काकाकुवा गाण्याच्या लयीप्रमाणे आपली लय बदलून नाचतो, हेही त्याच वर्षी शास्त्रज्ञांनी तपासून मान्य केले. हे ऐकून दादा म्हणाले, "मग मी त्या पाखराहून मागं राहू की काय?"

मागच्या वैशाखात दादांच्या मोठ्या नातवाचे लग्न निघाले. नागपूरच्या वरातीत धुमाल नसेल तर पाहुणे मनात म्हणतात, पैसे कमी पडले वाटते. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. धुमाल म्हणजे ट्रकवर मांडलेले ढोल, ताशे, नगारे आणि झांजा, आणि गाण्याची चाल वाजवायला बेंजो किंवा कीबोर्ड. कुणी याला संदलही म्हणतात. दर्ग्याच्या उरुसात चंदनाचा लेप वाजतगाजत नेतात तो संदल. ताजुद्दीन बाबांच्या या शहरात ती मिरवणूक कुणाच्या डोळ्यांसमोर नाही? दर्ग्याची वाट आणि लग्नाची वाट एकाच ठेक्यावर चालावी, यात नागपूरकराला काही वेगळे वाटत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी नि पिवळी मारबत निघते, तेव्हाही सारे गाव वाजतगाजत तिच्यामागे असते. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. सभ्य लोक धुमालला नाके मुरडतात. गोंगाटाबद्दल त्यांचे म्हणणे खोटे नाही, माझेही कान दोन दिवस वाजतात. पण वॉल्ट्झला लंडनने नाक मुरडले होतेच.

दादांनी हट्ट धरला की मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत आपण वरातीत चालणार. मोजून चार विजेच्या खांबांचे अंतर. मुलगा म्हणाला, मोटारीत बसा. दादा म्हणाले, "चालीन." गोळीची वेळ त्याप्रमाणे साधली, वहिनी एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, पिशवी काखेत. धुमाल सुरू झाला आणि दादांची पावले पडू लागली. मी सांगतो, दोन खांब दादा असे चालले की शाळेतल्या संचलनाची आठवण व्हावी.

तिसऱ्या खांबाशी फोटोवाल्याने हात वर केला. नवरदेवाचा घोडा थांबला, धुमाल एकदम बंद झाला आणि दादा रस्त्याच्या मधोमध खिळले. मागून माणसांचा लोंढा. कुणी म्हणे, "आजोबा, पुढं व्हा". कुणी दंडाला धरून ओढू लागला. मी ओढणाऱ्याला अडवतो आहे, वहिनी टाळ्या वाजवून ठेका देत आहेत, पण त्या गर्दीत त्यांच्या टाळ्या त्यांनाच ऐकू येईनात. टिपऱ्या घरी राहिलेल्या. दादांच्या कपाळावर घाम आला. आपण नातवाच्या वरातीत अडसर झालो, हे त्यांच्या हलू न शकणाऱ्या चेहऱ्यावरही मला वाचता आले.

तेवढ्यात ट्रकवरून एक ताशेवाला पोरगा खाली उतरला. वीस-बावीस वर्षांचा असेल. त्याला कंपवात काय माहीत असणार? पण तो दादांच्या तोंडाकडे न पाहता थेट पायांकडे पाहत होता. त्याने ताशाची दोरी गळ्यात सारखी केली आणि काड्यांनी नुसता एकेक ठोका द्यायला सुरुवात केली. ना तडतडाट, ना नखरा. ठक. ठक. ठक. दादांची टाच हलली तसा तो थांबला, आणि टाच खाली येताना त्याने ठोका दिला. पाऊल पडले. मग दुसरे. तो उलटा चालत, दादांच्या पायांवरची नजर न काढता, मागे सरकू लागला. वरच्या ढोलवाल्यांनी काय चालले आहे ते ओळखले आणि हलक्या हाताने त्याला साथ धरली. अवघी वरात एका म्हाताऱ्याच्या चालीने मांडवापर्यंत गेली. घोडासुद्धा त्याच लयीत चालला, असे नवरदेव नंतर सांगत होता; त्याच्या सांगण्यावर मी विश्वास ठेवायचे ठरवले आहे.

मांडवाच्या दाराशी दादांनी त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "कोणापाशी शिकला?"

पोरगा म्हणाला, "शिकलो नाही, आजोबा. पब्लिकचे पाय पाहून वाजवून राहिलो."

दादा माझ्याकडे वळून म्हणाले, "लिहून घे वहीत."

मी लिहून घेतले. पण या गोष्टीचा शेवट गोड आहे, असे कृपा करून समजू नका. ठेक्याने कंपवात बरा होत नाही. गोळ्या चालू आहेत, त्यांचे प्रमाण वाढले आहे आणि त्यांचा अंमल पूर्वीइतका वेळ टिकत नाही. यंदाच्या पावसाळ्यापासून संध्याकाळी दादांना खुर्चीच लागते. वहिनींचे मनगट दुखते, म्हणून टिपऱ्या आता नातीच्या हातात आल्या आहेत. पहिल्या दिवशी तिने ठेका धरला तो फारच घाईचा. दादांनी हात वर करून थांबवले आणि तोंडातल्या तोंडात, पण अगदी जुन्या मास्तरी तोऱ्यात म्हणाले, "आधी पाय पाहा. मग वाजव." आता ती पाहून वाजवते. सकाळी गोळी घेतल्यावर पाऊण तासाने ओसरीत टिपऱ्यांचा आवाज सुरू होतो. कधी सोळा पावले होतात, कधी सहा.

तुमच्याही घरात असे कुणी थबकलेले माणूस असेल. डॉक्टरांना विचारा, औषध चुकवू नका. पण दाराशी त्याचे पाय अडले तर त्याला ओढू नका आणि "चला, चला" म्हणून गडबडही करू नका. त्याच्या समोर उभे राहा. हाताशी टिपऱ्या नसतील तर दोन चमचे घ्या, तेही नसतील तर टाळी आहेच. ठेका कोणता घ्यायचा याची चिंता नको; तो माणूस ज्यावर वाढला तो घ्या, मग ती ओवी असो, अभंग असो की लेझीम. आणि ठोका देण्याआधी एक क्षण थांबून त्याच्या पावलांकडे पाहा. ती कधी निघणार आहेत, हे तीच तुम्हांला सांगतील.